वाचकांचे प्रश्न : ताळेबंद, संचालक मंडळ आणि मैदान

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमातील केस स्टडी आणि त्यांना लागून येणारे व्यवहारातील पेच यांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन प्रश्न या अंकासाठी घेतले आहेत.

प्रश्न : मी पुण्यात एमबीएच्या पहिल्या वर्षात शिकते. वर्गात आम्हाला ‘सत्यम कॉम्प्युटर’ या सॉफ्टवेअर कंपनीच्या हिशेब-घोटाळ्याची केस दिली होती. दोष अध्यक्षांचा आहे, असा निष्कर्ष आमच्या गटाने मांडला, तेव्हा ‘हे तर वर्तमानपत्रातही आले होते’ असा शेरा सरांनी दिला. मग अशा केसमध्ये आम्ही नेमके काय शोधायचे?

उत्तर : आपल्या सरांचा शेरा रास्त आहे. कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात हिशेब फुगवल्याची स्वतःच कबुली दिली असल्यामुळे, दोषी कोण हा प्रश्न या केसमध्ये उरतच नाही. एवढी मोठी खोटी रक्कम इतकी वर्षे कोणाकोणाच्या हाताखालून गेली आणि त्यांपैकी एकालाही ती कशी अडवता आली नाही, हा प्रश्न मात्र उरतो. त्याचे उत्तर शोधण्याची सुरुवात आकड्यांपासूनच करावी लागते.

त्या पत्रातील एका तिमाहीचे आकडे वहीत उतरवून घ्या. सप्टेंबर २००८ अखेरच्या तिमाहीत कंपनीने २,७०० कोटी रुपये उत्पन्न आणि ६४९ कोटी रुपये परिचालन नफा (मुख्य व्यवसायातून मिळणारा नफा), म्हणजे उत्पन्नाच्या २४ टक्के, जाहीर केला होता. राजूंच्या म्हणण्याप्रमाणे खरे उत्पन्न २,११२ कोटी आणि खरा नफा ६१ कोटी, म्हणजे जेमतेम ३ टक्के होता. आता दोन्ही वजाबाक्या करा. उत्पन्नातील फरक ५८८ कोटी येतो आणि नफ्यातील फरकही ५८८ कोटीच येतो. याचा अर्थ, खोट्या बिलांसमोर खर्च काहीच नसल्यामुळे त्यांचा प्रत्येक रुपया थेट नफ्यात उतरला. दुहेरी नोंद पद्धतीत नफा वाढला की मालमत्तेच्या बाजूलाही तेवढीच रक्कम कोठेतरी दाखवावी लागते. ती ग्राहकांकडील येणी म्हणून दाखवली, तर ती जुनी होत जातात आणि वसुली का होत नाही, अशी विचारणा सुरू होते. म्हणून कागदोपत्री वसुली दाखवून ती रक्कम बँकेत जमा असल्याचे भासवण्यात आले, आणि एकट्या त्या तिमाहीत रोख व बँक शिल्लक ५८८ कोटींनी फुगली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदातील ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिल्लकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते, आणि त्या नसलेल्या ठेवींवर ३७६ कोटींचे येणे व्याजही दाखवले होते.

बँकेतील शिल्लक ही लेखापरीक्षणात पडताळायला सर्वांत सोपी बाब मानली जाते, हे येथे लक्षात घ्यायला हवे. लेखापरीक्षकाने बँकेला स्वतः पत्र पाठवायचे आणि बँकेचे उत्तर थेट त्याच्याच हाती यायचे, मधे कंपनीचा संबंध येता कामा नये, एवढाच तो नियम आहे. सत्यमचे लेखापरीक्षण करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय संस्थांनी या पत्रव्यवहाराची सूत्रे कंपनीच्याच व्यवस्थापनाकडे जाऊ दिली, असा ठपका अमेरिकेच्या रोखे बाजार आयोगाने २०११ साली ठेवला. आपल्या गटाने या एका मुद्द्यावर पानभर लिहिले असते, तरी सरांचा शेरा वेगळा आला असता, असे मला वाटते.

आता संचालक मंडळाकडे या. १६ डिसेंबर २००८ रोजी मंडळाने ‘मेटास प्रॉपर्टीज’ आणि ‘मेटास इन्फ्रा’ या, राजूंच्याच कुटुंबाशी निगडित असलेल्या, कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना घेण्याचा ठराव मंजूर केला. गुंतवणूकदारांनी संताप व्यक्त केल्यावर काही तासांत तो मागे घ्यावा लागला. या खरेदीने खोट्या मालमत्तेची जागा खऱ्या मालमत्तेला देण्याचा हा शेवटचा प्रयत्न होता, असे राजूंनी पत्रात लिहिले आहे. नसलेली रोकड ‘खर्च’ झाली असती आणि ताळेबंदात तिच्या जागी जमिनी आल्या असत्या. ज्या मंडळासमोर हा ठराव आला, त्यात माजी कॅबिनेट सचिव होते, हार्वर्डचे प्राध्यापक होते आणि हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे तत्कालीन अधिष्ठाताही होते. ही माणसे अज्ञानी होती, असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा त्यांच्या हाती कोणती माहिती होती, ती त्यांना कोण पुरवत होते, आणि अध्यक्षांच्या कुटुंबाचा संबंध असलेल्या सौद्यावर अध्यक्षांनीच तयार केलेल्या कागदांच्या आधारे मत द्यायला त्यांनी नकार का दिला नाही, हे प्रश्न केसचा गाभा आहेत. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्यात सूचीबद्ध कंपन्यांसाठी किमान एकतृतीयांश स्वतंत्र संचालकांची (म्हणजे कंपनीशी आर्थिक हितसंबंध नसलेल्या संचालकांची) आणि ठरावीक मुदतीनंतर लेखापरीक्षक बदलण्याची सक्ती आली. या तरतुदी २००८ साली असत्या, तर सत्यममध्ये काय वेगळे घडले असते, यावर आपल्या गटात चर्चा घडवून पाहा. माझ्या मते लेखापरीक्षक बदलण्याचा उपयोग झाला असता. केवळ स्वतंत्र संचालकांच्या संख्येचा फारसा झाला नसता, कारण प्रतिष्ठित बाहेरची माणसे त्या मंडळावर आधीच होती.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आणि फुटबॉलवेडा. खेळाडूशी आठ वर्षांचा करार केल्यामुळे इंग्लंडमधील चेल्सी क्लबचा तोटा कमी दिसतो, असे वाचले. मोजलेले पैसे तर तेवढेच. मग तोटा कमी कसा?

उत्तर : खेळाडू विकत घेताना दुसऱ्या क्लबला दिलेली रक्कम त्याच वर्षी खर्ची पडत नाही. त्या खेळाडूची नोंदणी ही क्लबची अमूर्त मालमत्ता मानली जाते आणि यंत्रावर घसारा काढावा, तशी ती रक्कम कराराच्या मुदतीत दरवर्षी थोडीथोडी खर्ची टाकली जाते. चेल्सीने जानेवारी २०२३ मध्ये एन्झो फर्नांडेझला सुमारे १०७ दशलक्ष पौंडांना घेतले आणि त्याच्याशी साडेआठ वर्षांचा करार केला. या रकमेला साडेआठने भागले, तर वर्षाला सुमारे साडेबारा दशलक्ष पौंड खर्च पडतो, पाचने भागले तर एकवीसच्या पुढे जातो. प्रीमियर लीग या इंग्लंडमधील अव्वल साखळी स्पर्धेत तेव्हाच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांत मिळून १०५ दशलक्ष पौंडांपेक्षा अधिक तोटा चालत नसल्यामुळे हा फरक मोलाचा ठरला. या नियमाच्या भंगाबद्दल एव्हर्टन क्लबचे नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुण कापले गेले आणि अपिलानंतर ती शिक्षा सहा गुणांवर आली. पुढे आधी यूएफा या युरोपीय फुटबॉलच्या नियामक संघटनेने आणि मग प्रीमियर लीगनेही या विभागणीला पाच वर्षांची कमाल मर्यादा घातली.

लांब कराराची दुसरी बाजू परीक्षेत हमखास विसरली जाते, म्हणून ती येथे मांडतो. समजा, खेळाडू १०० कोटींना घेतला आणि दोन वर्षांनी ७५ कोटींना विकला. पाच वर्षांच्या हिशेबाने त्याची पुस्तकी किंमत, म्हणजे अजून खर्ची न टाकलेली रक्कम, ६० कोटी उरली असेल, म्हणजे विक्रीवर १५ कोटींचा नफा दिसेल. आठ वर्षांच्या हिशेबाने ती ७५ कोटी असेल आणि नफा शून्य दिसेल. आज टाळलेला खर्च विक्रीच्या दिवशी समोर येतोच. क्लबच्या स्वतःच्या अकादमीत तयार झालेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत जवळजवळ शून्य असते, त्यामुळे त्याच्या विक्रीची सगळी रक्कम नफा म्हणून दिसते. चाहत्यांना जो घरचा पोरगा सर्वांत जवळचा, तोच विकण्याचा मोह क्लबला सर्वांत अधिक होतो, याचे मला फार वाईट वाटते.

याहून नाजूक प्रकार अदलाबदलीचा आहे. जून २०२० च्या अखेरीस, हिशेबाचे वर्ष संपत असताना, स्पेनमधील बार्सिलोना क्लबने आर्थर हा खेळाडू ७२ दशलक्ष युरोंना इटलीतील युव्हेंटस क्लबला दिला आणि युव्हेंटसकडून प्यानिच हा खेळाडू ६० दशलक्ष युरोंना घेतला. बोनसच्या रकमा सोडल्या, तर प्रत्यक्षात देणे उरले फक्त १२ दशलक्ष युरोंचे, पण दोन्ही क्लबांना आपापल्या पुस्तकात घसघशीत विक्रीनफा दाखवता आला. अशा वेळी खेळाडूची किंमत बाजाराने ठरवली की दोन्ही क्लबांच्या गरजेने, हे कोणी तपासायचे? विक्रीनफा फुगवल्याच्या प्रकरणात युव्हेंटसचे जानेवारी २०२३ मध्ये पंधरा गुण कापले गेले, आणि फेरसुनावणीनंतर मे महिन्यात ती शिक्षा दहा गुणांची झाली. ताळेबंद वाचताना नफ्याशेजारी रोख प्रवाहाचे पत्रक ठेवण्याची सवय आपण आतापासूनच लावून घ्यावी.

प्रश्न : आमच्या तालुक्यातील एका क्रीडा संघटनेच्या सचिवांच्या भावाचे खेळसाहित्याचे दुकान आहे आणि संघटनेची सर्व खरेदी तेथूनच होते. भाव बाजारापेक्षा जास्त नाहीत. तरीही मी आक्षेप घेतला, तेव्हा ‘नुकसान दाखवा’ असे मला सांगण्यात आले. माझे चुकते आहे का?

उत्तर : आपले चुकत नाही. हाच युक्तिवाद देशातील सर्वांत श्रीमंत क्रीडा संघटनेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना मंडळाच्या सामन्यांत व्यापारी हितसंबंध ठेवता येऊ नयेत, असा नियम होता. २००८ मध्ये त्यात दुरुस्ती करून आयपीएलला त्यातून वगळण्यात आले. तेव्हा मंडळाचे पदाधिकारी असलेले आणि २०११ मध्ये अध्यक्ष झालेले एन. श्रीनिवासन यांच्या इंडिया सिमेंट्सकडे चेन्नईचा संघ होता. २०१३ मध्ये सट्टेबाजीच्या प्रकरणात त्यांच्या जावयाला मुंबई पोलिसांनी अटक केली आणि मंडळाने स्वतःच चौकशी समिती नेमली, ती मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. २२ जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमातील ती दुरुस्तीही रद्द केली. मंडळ ही नोंदणीकृत सोसायटी असली, तरी तिचे काम सार्वजनिक स्वरूपाचे आहे, असेही न्यायालयाने त्या निकालात स्पष्ट केले. पुढे न्यायालयानेच नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीने सुचवलेले बदल २०१६ मध्ये बहुतांशी स्वीकारले गेले. त्यातील ‘एक राज्य, एक मत’ या सूत्रामुळे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या एकाच राज्यातील तीन संघटना अडचणीत आल्या होत्या, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने ते सूत्र शिथिल केले, तेही योग्यच झाले.

आपल्या संघटनेतही ‘नुकसान दाखवा’ ही मागणीच अस्थानी आहे, कारण भाव योग्य आहेत की नाहीत, हे ठरवणारा माणूस विकणाऱ्याच्या घरातला आहे. सचिवांवर अप्रामाणिकपणाचा आरोप करण्याची गरज नाही आणि आपण तो करूही नये. पुढील सर्वसाधारण सभेत लेखी ठराव मांडा की, पदाधिकाऱ्याने आपले नातेसंबंध आधी जाहीर करावेत, ठरावीक रकमेवरील खरेदीसाठी किमान तीन दरपत्रके मागवावीत, आणि नातेवाइकाचे दरपत्रक असेल, तेव्हा त्या पदाधिकाऱ्याने निर्णयाच्या वेळी बैठकीबाहेर थांबावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. भावाचे दर खरोखरच सर्वांत कमी असतील, तर खरेदी त्यांच्याकडूनच होईल आणि त्याबद्दल कोणाला शंका घेता येणार नाही. ठराव फेटाळला गेला, तर आपला विरोध इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घ्या आणि त्याची प्रत मागा.