म्हाताऱ्या कुत्रीसोबत नांदेड ते पुणे

बारा वर्षांच्या कुत्रीला मोटारीने नांदेडहून पुण्याला नेता येईल का, असे आपण विचारलेत. तिला हा पल्ला झेपेल, मात्र मे महिन्यात जाणार असाल तर पहाटेच निघावे, कारण कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड ठेवते आणि आपल्याकडचे ऊन तर ४० अंशांपुढे जाते.

- आधी पशुवैद्यकाकडून हृदय व सांधे तपासून घ्यावेत; माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कदापि देऊ नयेत.
- दर दोन तासांनी थांबावे, साखळी लावूनच दार उघडावे आणि तिला उचलून उतरवावे.

नवखे लोक हमखास निघताना दूध-भाकरी पोटभर चारतात (मग गाडी धूत बसतात!) आणि चहाला उतरताना काच बोटभर उघडी ठेवून कुत्र्याला गाडीतच सोडतात. त्या फटीने गाडी थंड राहत नाही. एकाने सावलीत कुत्रीजवळ थांबावे.