दोन्ही बाजू 'संशोधन' दाखवतात, तेव्हा आपण कोणाचं ऐकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीच्या शाळेत पाठ्यपुस्तकांच्या जागी टॅबलेट आणायचं घाटतंय. पालकसभेत दोन्ही बाजूंनी 'संशोधन असं सांगतं' म्हणत कागद फडकवले, आवाज चढले आणि तुम्ही डोकं भणभणत घरी आलात. विज्ञान तुमचा विषय नाही, मग खरं कोणाचं मानायचं? शेवटी तुम्ही एक ओळही जोडली आहे, की इतिहासात एकटे पडलेलेच लोक बरोबर ठरले ना?

मी गेली २२ वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. असल्या वादांत मी दोन्हीकडे बसलेली आहे, चुकीच्या बाजूलाही. माझं उत्तर आधी सांगून टाकते. बोलणाऱ्याची पदवी, आवाज, ठामपणा हे सगळं घटकाभर बाजूला ठेवा आणि त्याला विचारा: 'काय दिसलं तर तुम्ही हे म्हणणं मागे घ्याल?' ज्याच्याकडे याचं नेमकं उत्तर आहे, त्याच्यासाठी वेळ काढा. आणि पुढे खरोखरच तसं काही दिसलं, तर तो काय करतो याकडे डोळ्यांत तेल घालून बघा. हे करायला भौतिकशास्त्र यावं लागत नाही.

हे मी शिकले ते स्वतःच्या वर्गात. काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून, ही कल्पना तुमच्याही कानावर आली असेल. एका प्रशिक्षणात ती मला मिळाली आणि मी ती मनापासून उचलली. वर्षाच्या सुरुवातीला मी मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यायचे आणि प्रत्येकाच्या वहीवर तीनपैकी एका रंगाची चिकटपट्टी लावायचे. मुलं खूश, पालक खूश. मग एकदा विद्युत मंडलाचा (सर्किटचा) धडा चालू असताना एका मुलीने आकृती काढायचं सोडून दिलं. मी विचारलं तर अगदी सहज म्हणाली, 'मी ऐकून शिकणारी आहे ना, मला आकृत्या जमत नाहीत.' तिच्या वहीवर निळी पट्टी होती आणि ती मीच लावली होती. मंडल समजायचं तर आकृतीला पर्याय नाही. ती पट्टी त्या मुलीसाठी भिंत झाली होती.

त्यानंतर मी शोधाशोध केली. हॅरॉल्ड पॅश्लर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली या विषयावरचं संशोधन एकत्र तपासलं होतं. मला त्यांची पद्धत फार आवडली. आधी त्यांनी ठरवलं, की ही कल्पना खरी असेल तर काय दिसायला हवं. मुलांचे 'बघणारी' आणि 'ऐकणारी' असे गट करा. प्रत्येक गटातल्या निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकून दाखवत शिकवा, निम्म्यांना सांगत शिकवा. शेवटी सगळ्यांची परीक्षा एकच. बघणाऱ्यांना दाखवल्याने जास्त गुण पडले आणि ऐकणाऱ्यांना सांगितल्याने, तरच कल्पना टिकली. असा रीतसर प्रयोग केलेली संशोधनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली आणि त्यातल्या कित्येकांचे निष्कर्ष नेमके उलटे होते. मी इतकी वर्षं जे पुरावे म्हणून धरून बसले होते, त्यातल्या बहुतेकांनी ही चाचणी दिलीच नव्हती. पट्ट्या काढून टाकल्या. त्या मुलीला मंडल शिकवायला मात्र मला दोन महिने लागले.

आता मोठ्या माणसांचं बघू. इटलीत ग्रान सासो डोंगराखाली एक प्रयोगशाळा आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रातून सुटलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण तेव्हा ७३० किलोमीटर जमीन भेदून तिथे पोहोचायचे. २०११ साली ऑपेरा नावाच्या संशोधकांच्या गटाला दिसलं, की हे कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचताहेत. हे खरं असतं तर आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद मुळातून तपासावा लागला असता. गटाने कित्येक महिने स्वतःचीच चूक शोधली. ती सापडेना, तेव्हा सप्टेंबरमध्ये त्यांनी सगळे आकडे जगासमोर ठेवले आणि इतरांना म्हटलं, तुम्ही तपासा. पुढच्या वर्षी कारण सापडलं. उपग्रहाकडून वेळ घेणाऱ्या यंत्रणेची एक प्रकाशतंतूची केबल संगणकाच्या कार्डात घट्ट बसलेली नव्हती. घड्याळातही एक दोष निघाला. त्याच डोंगराखालच्या दुसऱ्या उपकरणाने तेच कण मोजले, तर वेग प्रकाशाइतकाच आला. ऑपेराच्या नेतृत्वातल्या दोघांनी राजीनामे दिले. लोक त्या सैल केबलवर हसले. मला विचाराल तर ते सगळं प्रकरण वर्गात शिकवावं इतकं चांगलं आहे. आपल्याला खोटं ठरवायचा रस्ता त्यांनी स्वतःच खुला ठेवला होता.

याच्या शेजारी दुसरं प्रकरण ठेवा. फेब्रुवारी १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड हे ब्रिटिश डॉक्टर आणि त्यांचे सहकारी यांचा लेख 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांचा काही संबंध असावा, असा त्यातून अर्थ निघत होता. पाहिलेली मुलं एकूण १२. संबंध सिद्ध झालेला नाही, असं त्या लेखातच लिहिलं होतं. पण पत्रकार परिषदेत वेकफिल्ड यांनी एकत्र लस थांबवून वेगवेगळ्या लशी द्याव्यात असं सांगितलं, आणि घराघरांत पोहोचली ती तेवढीच गोष्ट. डेन्मार्कमध्ये ५ लाख ३७ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लस घेतलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेचं प्रमाण जास्त नव्हतं. हे २००२ साली. दोन वर्षांनी सहलेखकांपैकी १० जणांनी लेखाचा तो अर्थ मागे घेतला. २०१० मध्ये नियतकालिकाने लेखच रद्द केला आणि ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने वेकफिल्ड यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदणीतून काढलं.

इथे बघण्यासारखं आहे ते दावा कसा सरकत गेला ते. या लशीत काही निघेना, तेव्हा बोट थायमेरोसाल या पाऱ्याच्या संयुगाकडे वळलं, जे या लशीत कधी नव्हतंच. अमेरिकेत २००१ पर्यंत लहान मुलांच्या नेहमीच्या लशींतून ते जवळजवळ काढून टाकलं, तरी स्वमग्नतेच्या नोंदी वाढतच राहिल्या. मग म्हणणं आलं, की एकदम फार लशी देतात. दरवेळी पुरावा आला की दावा एक घर पुढे. ज्या आईबापांनी मुलाच्या काळजीपोटी यावर विश्वास ठेवला, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना 'काय दिसलं तर मागे घ्याल' हा प्रश्न विचारायला कोणी शिकवलंच नव्हतं. ते काम आम्हा शिक्षकांचं होतं.

आता तुमचा एकट्या माणसाचा मुद्दा. असे लोक होऊन गेले आहेत. ऑस्ट्रेलियातले रॉबिन वॉरन यांना १९७९ पासून पोटाच्या अस्तराच्या नमुन्यांत वळणदार जिवाणू दिसत होते. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. जठरातल्या आम्लात जिवाणू तग धरणार नाहीत, व्रण होतात ते आम्लाने आणि ताणाने, असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. १९८४ मध्ये मार्शल यांनी आधी स्वतःच्या पोटात दुर्बीण घालून पोट निरोगी असल्याची खात्री करून घेतली आणि मग त्या जिवाणूंनी भरलेला द्रव प्यायले. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला दुर्गंधी. पुन्हा दुर्बीण घातली तर अस्तर सुजलेलं आणि त्यावर तेच जिवाणू. दोघांना नोबेल मिळालं २००५ साली.

ही गोष्ट सांगताना लोक पेला दाखवतात आणि आधीची दुर्बीण विसरतात. पोट आधी तपासलं नसतं तर त्या पिण्याला पुरावा म्हणून किंमत नव्हती. आणि त्या एका पेल्याने वैद्यक बदललंही नाही. मार्शल यांना व्रण झाला नव्हता, जठराची सूज आली होती. प्रतिजैविकं देऊन जिवाणू मारले तर व्रण पुन्हा होत नाहीत, हे रुग्णांवरच्या चाचण्यांतून वारंवार दिसलं, तेव्हा १९९४ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने ते उपचार सुचवले. १० वर्षं लागली. मार्शल एकटे होते म्हणून बरोबर ठरले असं म्हणता येत नाही. एकटे पडलेले बहुतेक लोक चुकीचेच असतात, त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात एवढंच.

आणि बहुमतातले विरोधक दरवेळी हटवादीच असतात असंही नाही. खंड सरकतात असं आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडलं, तेव्हा भूशास्त्रज्ञांनी विचारलं, एवढा खंड ढकलणारं बळ कुठलं? वेगेनर यांनी सुचवलेली बळं खरंच फार तोकडी होती. ते १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावले. समुद्रतळ मधोमध फाटून नवा तयार होतो याचे पुरावे १९६० च्या दशकात आले, तेव्हा कुठे चित्र पुरं झालं. वेगेनर यांचं निरीक्षण बरोबर होतं आणि विरोधकांचा प्रश्नही बरोबर होता.

एका तिसऱ्या प्रकारच्या माणसापासून मात्र जपा. त्याला वाद जिंकायचाच नसतो, फक्त तो संपू द्यायचा नसतो. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये दाखवला. त्यानंतर अनेक दशकं तंबाखू कंपन्या 'अजून संशोधन हवं' म्हणत राहिल्या. १९६९ च्या एका अंतर्गत टिपणात तर 'शंका हाच आपला माल' अशा अर्थाचं वाक्य सापडलं. प्रामाणिक संशोधकही 'अजून संशोधन हवं' म्हणतो. त्याला विचारा, कोणतं आणि किती? प्रामाणिक माणूस सांगू शकतो.

तर तुमचे टॅबलेट. तुमच्या सभेत दोन वेगळे वाद एकात गुंतलेले आहेत, ते आधी सोडवा. एक वस्तुस्थितीचा: पडद्यावर वाचून तेवढंच समजतं का? २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचं, मिळून १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. कागदावर वाचणाऱ्यांना थोडं जास्त समजलं. माहितीपर मजकुरात हा फरक दिसला, वेळेचं बंधन असताना तो वाढला, नुसत्या गोष्टी वाचताना दिसला नाही. फरक लहान आहे, पण अभ्यासामागून अभ्यासात एकाच बाजूला झुकतो. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या २०१५ च्या अहवालात, शाळांतल्या संगणकांवर भरपूर खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित किंवा विज्ञानात ठळक सुधारणा दिसली नव्हती. स्वीडनने २०२३ मध्ये पुन्हा छापील पुस्तकांकडे वळायचं ठरवलं. यातून टॅबलेट वाईट असं सिद्ध होत नाही. दृष्टी अधू असलेल्या मुलाला अक्षर मोठं करून देणारा पडदा किती मोलाचा असतो ते मी रोज बघते. पण 'टॅबलेट दिले की मुलं जास्त शिकतील' हे वाक्य ज्याने उच्चारलं, पुरावा देण्याचं ओझं त्याच्यावर.

दुसरा वाद निवडीचा: खर्च कोणी करायचा, घरी इंटरनेट नसलेल्या मुलाचं काय, मुलांची माहिती कोणाच्या हातात जाणार. याचं उत्तर कुठलाही शोधनिबंध देणार नाही आणि इथे तुमचं मत कोणत्याही तज्ज्ञापेक्षा कमी नाही. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना जनुकांची जोडणी करणारे प्रयोग करायचे होते. नगरपरिषदेने ते तूर्त थांबवले आणि नागरिकांची समिती नेमली. तिच्यात नर्स होती, इंजिनियर होता, इंधनतेलाचा व्यापारी अध्यक्ष होता. त्यांनी महिनोन् महिने दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ समोर बसवून प्रश्न विचारले आणि अखेर जादा सुरक्षेच्या अटींवर परवानगी द्यावी असं सांगितलं. १९७७ च्या सुरुवातीला तसा नियम झाला.

पुढच्या सभेत एवढंच मागा: एका इयत्तेच्या निम्म्या तुकड्यांना टॅबलेट, निम्म्यांना पुस्तकं, कोणाला काय ते चिठ्ठ्या टाकून. वर्षाअखेरीला सगळ्यांची एकच परीक्षा. काय निकाल आला तर योजना थांबवायची, ते आजच लिहून ठेवायचं. कंपनीचा माणूस हजर असेल तर त्याने काय उत्तर दिलं तेही लिहून घ्या. आणि विरोध करणाऱ्या पालकांनाही हाच प्रश्न विचारा: काय दिसलं तर तुमचा विरोध मावळेल? मी तिथे असते तर सुरुवात त्यांच्यापासूनच केली असती, कारण माझा कल त्यांच्याकडे आहे.