प्रभू येणारच आहे, मग फी कशाला भरायची?

मी समुपदेशक, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे अधूनमधून येतच असतो. कधी आई विचारते, कधी कॉलेजातला मुलगा. दार नीट लागलंय ना हे बघून, आवाज खाली आणून. ‘ताई, शेवटला काळ आलाय म्हणतात. मग पुढचं काही ठरवण्यात अर्थ आहे का?’ विचारणारे बहुधा ख्रिस्ती असतात. माझ्याकडे आमच्या समाजातले लोक बरेच येतात आणि मीही त्याच उपासनेत वाढले आहे. बाहेरच्या समुपदेशकाला विचारलं तर तो हसेल अशी धास्ती, आणि पाळकसाहेबांना विचारलं तर ‘विश्वास कमी पडतोय’ असं ऐकावं लागेल ही दुसरी. मधल्यामध्ये माणूस रात्र रात्र जागा राहतो.

रूथताईंची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते. नाव खरं नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

रूथताई पुण्यात एका रुग्णालयात स्टाफ नर्स, माहेर नगर जिल्ह्यातलं. नवरा कंपनीत, मुलगा बारावीला. एका संध्याकाळी त्या ड्यूटीवरून घरी आल्या तर दार नुसतं लोटलेलं. टीव्ही चालू. मुलाच्या चपला दारात, मोबाइल सोफ्यावर चार्जिंगला. ओट्यावर कोथिंबीर अर्धी निवडून ठेवलेली. हाका मारल्या, उत्तर नाही. त्यांच्या हातापायांना मुंग्या आल्या आणि मनात एकच वाक्य उमटलं: ‘झालं. घेतले गेले. मी राहिले.’

बापलेक गच्चीवर होते, पाण्याची टाकी भरून वाहत होती म्हणून. पण ते खाली येईपर्यंत रूथताईंनी पाळकीणबाईंना फोन लावला होता. हे त्यांनी मला तिसऱ्या-चौथ्या भेटीत, फार लाजत सांगितलं. ‘पाळकीणबाईंनी फोन उचलला की मला कळतं, अजून काही झालेलं नाही. त्या तर नक्कीच गेल्या असत्या ना!’ फोन उचलला गेला की मग विचारायचं, महिला मंडळाची सभा किती वाजता आहे. असे फोन महिन्यातून बऱ्याचदा जायचे. रूथताईंना मंडळाच्या कामाची फार तळमळ आहे, असं पाळकीणबाई सगळ्यांना कौतुकाने सांगत.

ज्यांना ही भीती ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रभू येशू पुन्हा येणार, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करणार, हे सगळ्या ख्रिस्ती मंडळ्या मानतात. मतांगीकारात, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या विश्वासाच्या कबुलीत, ते आम्ही मोठ्याने म्हणतो. पण महासंकटाच्या, म्हणजे शेवटच्या काळातल्या मोठ्या छळाच्या आधी खरे विश्वासणारे एका क्षणात, गुपचूप वर घेतले जातील आणि बाकीचे मागे राहतील, ही शिकवण त्या मानाने अलीकडची आहे. १८३०च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने ती मांडली. पुढे १९०९मध्ये अमेरिकेत स्कोफिल्ड यांचं टीपांसह पवित्र शास्त्र निघालं आणि वचनाच्या शेजारी छापलेल्या त्या टीपांतून ती घरोघरी गेली. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि कित्येक प्रोटेस्टंट मंडळ्या ती तशी शिकवत नाहीत. आपल्याकडे पत्रिका, सभा आणि आता यूट्यूब यांमधून ती पोहोचली. रूथताई रविवारी ज्या उपासनेला बसतात तिथे या विषयावर वर्षात एखादा उपदेश होत असेल. मोबाइलवर मात्र रोज रात्री दोन तास.

भीतीचं मूळ मोबाइलच्याही मागे होतं. लहानपणी आई म्हणायची, ‘खोटं बोललीस तर प्रभू आला की मागे राहशील.’ जात्यावर दळणाऱ्या दोघींपैकी एक घेतली जाईल आणि एक ठेवली जाईल, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन त्यांना शाळेत जायच्या आधीपासून पाठ. घरात जातं होतं, आजी दळायची, आणि ही मुलगी जात्याशेजारी बसायला घाबरायची. मुलांना वळण लावण्यासाठी प्रभूच्या येण्याचा बागुलबुवा करणं ही मला क्रूर गोष्ट वाटते. करणारे प्रेमाने करतात, म्हणून कोणी त्यांना बोलत नाही.

त्या माझ्याकडे आल्या त्या सप्टेंबर २०२५नंतर. दक्षिण आफ्रिकेतल्या एका उपदेशकाने स्वप्नात प्रभूने तारीख सांगितल्याचा दावा केला होता: २३ किंवा २४ सप्टेंबर. यहुद्यांच्या नववर्षाचा, कर्णे वाजवण्याचा सण तेव्हाच होता, आणि प्रेषित पौलाने आपल्या पत्रात ‘शेवटल्या कर्ण्या’चा उल्लेख केलेला आहे, म्हणून लोकांना ते जुळल्यासारखं वाटलं. व्हिडिओ जगभर फिरला. रूथताईंना तो बहिणीकडून आला. त्यांनी दोन दिवस रजा टाकली, मुलाच्या क्लासच्या फीचा हप्ता भरला नाही, विम्याचा हप्ताही चुकवला. २५ तारखेला सकाळी दूधवाला आला. भीती मात्र गेली नाही. मला वाटलं होतं तारीख टळल्यावर सुटल्यासारखं झालं असेल. त्या म्हणाल्या, ‘उलट वाढली. वाटलं, कुणीतरी गेलं असेल आणि मला कळलंच नसेल.’

अशा वेळी नातेवाईक दोनच गोष्टी करतात. चेष्टा, नाहीतर वाद. त्यांच्या यजमानांनी दोन्ही करून पाहिलं होतं. प्रभू येणार की नाही यावर मी एक शब्दही बोलले नाही. तो विश्वास त्यांचा आहे आणि माझाही. मी विचारलं ते फोनबद्दल. फोनआधी भीती किती, दहापैकी? नऊ. फोननंतर? दोन. दुसऱ्या दिवशी? पुन्हा नऊ. हे खाजेसारखं आहे: खाजवलं की बरं वाटतं, म्हणून पुन्हा खाजवावंसं वाटतं, आणि कातडी सोलवटते. खात्री करून घेण्याची ही सवय ओळखीची आहे. कोणी कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहतं, कोणी हात धूत राहतं. धार्मिक माणसात ती धर्माचे कपडे घालून येते, एवढाच फरक. रूथताईंची झोप महिनाभर उडालेली असल्यामुळे मी त्यांना आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी गोळी दिली आणि आमचं काम पुढे सुरू झालं.

काम कंटाळवाणं होतं, ते थोडक्यात सांगते. फोन करायचा, पण पंधरा मिनिटांनी. मग अर्ध्या तासाने. त्या वेळात घरातलं चालू काम सोडायचं नाही. नंतर फोन न करता भीती आपोआप कुठपर्यंत उतरते ते वहीत लिहायचं. रात्री मोबाइल स्वयंपाकघरात ठेवायचा. पहिले काही आठवडे त्या रडकुंडीला आल्या, एकदा तर मला न सांगता पाळकीणबाईंना फोन करून आल्या. चालायचंच.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. त्या म्हणत, ‘ताई, तुमचं सगळं पटतं. पण दानीएलात आकडे आहेत त्याचं काय?’ दानीएल म्हणजे पवित्र शास्त्रातलं संदेष्ट्याचं पुस्तक. शास्त्राचा प्रश्न शास्त्रातूनच सुटायला हवा, म्हणून आमच्या मंडळीतल्या एका निवृत्त पाळकसाहेबांना मी एका भेटीला बोलावलं. रूथताई तयार झाल्या. साहेब जाड चष्म्याचे, हळू बोलणारे. आल्या आल्या म्हणाले, ‘बाई, आकडे ना? काढा वही.’

आठव्या अध्यायापासून त्यांनी सुरुवात केली. २३०० संध्याकाळी व सकाळी, मग मंदिर शुद्ध होईल. अमेरिकेतल्या विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरून इ.स.पू. ४५७पासून मोजलं आणि प्रभूच्या येण्यासाठी १८४३च्या आसपास येऊन पोहोचला. शेवटी तारीख पक्की झाली, २२ ऑक्टोबर १८४४. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही, काढलं तर विश्वास नाही असं होईल म्हणून. तो दिवस गेला. इतिहासात त्याला मोठी निराशा म्हणतात. मग साहेबांनी त्याच अध्यायातली पुढची वचनं रूथताईंना वाचायला लावली. दानीएलाच्या दृष्टान्तातला एडका म्हणजे मेद आणि पर्शियाचे राजे, बोकड म्हणजे ग्रीसचा राजा, असं तिथेच लिहिलंय. मंदिर भ्रष्ट करणारं ते लहान शिंग म्हणजे इ.स.पू. १६७मध्ये यरुशलेमचं मंदिर विटाळणारा अंतियोख राजा, असं बहुतेक अभ्यासक धरतात. तीनेक वर्षांत मंदिर शुद्ध झालं आणि यहुदी लोक हनुक्काचा सण त्यासाठीच पाळतात. रूथताईंना हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. व्हिडिओवाले त्या वचनांवरून थेट आजच्या बातमीवर उडी मारतात.

मिलरनंतरच्या तारखाही साहेबांकडे तयार होत्या. सप्टेंबर १९८८, तोच कर्ण्यांचा सण. मग हॅरल्ड कॅम्पिंग यांची २१ मे २०११, आणि ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर. पुढच्या वर्षी कॅम्पिंग यांनी तारीख काढणं हेच पाप होतं अशी जाहीर कबुली दिली. रूथताई पहिल्यांदा हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्या तारखांपायी लोकांनी नोकऱ्या सोडल्या होत्या.

मग साहेबांनी यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक उघडलं. त्या दिवशी खरं काम झालं ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या राजाने यरुशलेमातल्या लोकांचा पहिला मोठा जथा धरून नेला होता. यिर्मया गळ्यात लाकडी जू अडकवून फिरत होता, आता बाबेलची गुलामी अटळ आहे हे दाखवायला. तेवढ्यात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, दोन वर्षं! दोन वर्षांत सगळे परत येतील, मंदिराची भांडीही परत येतील. आणि यिर्मयाच्या गळ्यातलं जू काढून त्याने मोडून टाकलं. लोकांना कोण आवडला असेल ते सांगायला नको. यिर्मयाने मात्र बाबेलातल्या बंदिवानांना पत्र लिहिलं. घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि मुदत? सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी परतीचा दिवस पाहायचाच नव्हता.

‘जवळची तारीख कोणी दिली होती, बाई?’ साहेबांनी विचारलं.

रूथताई बराच वेळ पानाकडे बघत होत्या. ‘हनन्याने.’

साहेब पुढे बोलत राहिले. दानीएल नवव्या अध्यायात हीच सत्तर वर्षं वाचतो आणि तारखेचा हिशेब करत बसत नाही, गोणपाट नेसून लोकांच्या पापांसाठी प्रार्थना करतो. यिर्मयाने तर पुढे कहर केला. यरुशलेमला वेढा पडलाय, तो स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, शहर पडणार हे त्याने स्वतःच सांगितलेलं, आणि अशा वेळी चुलतभावाकडून अनाथोथ गावचं शेत विकत घेतो. सतरा शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदार बोलावले, खरेदीखत मोहरबंद केलं आणि आपला लेखनिक बारूख याला सांगितलं, हे मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकलं पाहिजे. साहेब गावाकडचे, सात-बाऱ्याच्या भानगडी पाहिलेले. मडक्यातल्या खरेदीखताबद्दल बोलताना त्यांना फार मजा येत होती.

रूथताईंनी मध्येच विचारलं, ‘पण थेस्सलनीकाकरांस पत्रात ढगांत घेतले जाऊ असं आहेच ना?’ आहेच. तेही वाचलं. थेस्सलनीकातल्या मंडळीतली काही माणसं मेली होती, त्यांचं काय होणार म्हणून बाकीचे शोक करत होते. त्यांना पौलाने ते लिहिलं, आणि शेवटचं वचन ‘या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा’ अशा अर्थाचं आहे. त्याच मंडळीला दुसऱ्या पत्रात तो बजावतो की प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय असं आमच्या नावाने पत्र आलं तरी घाबरू नका. त्या काळचे फॉरवर्डच म्हणायचे. पुढे, काम न करणाऱ्याने खाऊही नये. यावर सोबत बसलेले यजमान म्हणाले, ‘हे वचन फ्रीजवर लावा.’ त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची चेष्टा कोणाला लागली नाही.

मुलाशी मी वेगळी बोलले. आईची थट्टा करणारा हा मुलगा आतून तितकाच घाबरलेला होता. परीक्षेचं टेन्शन आणि ‘तोपर्यंत जग राहील का’ यांची त्याच्या डोक्यात सरमिसळ झाली होती. घरात एकाला ही भीती असेल तर मुलांना जरूर विचारा; ती आपणहून सांगत नाहीत. कोणी खाणंपिणं सोडलं, घरदार विकायला काढलं, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू लागले किंवा जगायचंच नाही म्हणू लागलं, तर शास्त्राभ्यासाची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस फोनसेवा १४४१६ या नंबरावर मराठीतही बोलते, पैसे लागत नाहीत.

रूथताई पूर्ण बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. रिकामं घर दिसलं की छातीत अजून धडधडतं. फोन मात्र बहुतेक वेळा होत नाही. फीचा राहिलेला हप्ता दंडासह भरला, विमा पुन्हा चालू झाला. पाळकीणबाईंना त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. बाई आधी खूप हसल्या, मग म्हणाल्या, ‘अगं, मी गेले असते हे तुला कुणी सांगितलं?’ बहिणीशी अजून धुसफूस चालू आहे; तिच्या मते रूथताई थंड पडल्या. परवाच तिने नवी तारीख पाठवली. त्या दिवशी रूथताईंची नाइट ड्यूटी आहे. बदलून मागणार का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘वॉर्डात आधीच दोन सिस्टर कमी आहेत.’