दाविदच्या ‘लिओनिडास’ चित्रात योद्धे नग्न का आहेत आणि फुलांचे हार कशासाठी?

नग्नता हे वीरत्वाचं चिन्ह आहे आणि हार म्हणजे मरणाची जाहीर तयारी. फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदने 1814 मध्ये पूर्ण केलेलं हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात इ.स.पू. 480 च्या थर्मोपिलीच्या लढाईआधीचे क्षण आहेत; या लढाईत ग्रीसमधल्या स्पार्टा राज्याचे योद्धे पर्शियन फौजेशी लढून मेले. खरे स्पार्टन चिलखत घालून लढत. उघडं शरीर दाविदने ग्रीक शिल्पांवरून घेतलं, कारण तिथे देव आणि वीर असेच घडवले जात. मधोमध स्पार्टाचा राजा लिओनिडास शस्त्रं घेऊन बसलाय, पण नजर शत्रूकडे नाही, वर आहे. मरायचं ठरलेलंच आहे, हे त्या नजरेतून कळतं. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस वाचला असेल तर आणखी दोन गोष्टी लगेच ओळखू येतील:

- डोळ्यांच्या आजाराने दिसेनासं झालेला स्पार्टन सैनिक युरिटस, गुलामाच्या आधाराने लढाईकडे निघालेला.
- वर डावीकडे तलवारीच्या मुठीने खडकावर अक्षरं कोरणारा सैनिक. मजकूर साधारण असा: वाटसरू, स्पार्टाला सांग, तिची लेकरं तिच्यासाठी मेली. खाली तरुण त्याच्याकडे हार उंचावतायत.

मला यातला कोरणारा सैनिक सगळ्यात धीट कल्पना वाटते: माणसं जिवंत असतानाच त्यांचा स्मृतिलेख लिहिला जातोय.

मात्र याला स्पार्टाचा पुरावा समजू नका. तो लेख प्रत्यक्षात लढाईनंतर लावला गेला. शिवाय चित्र पुरं झालं त्या वर्षी परकी फौजा पॅरिसमध्ये शिरल्या होत्या, त्यामुळे यात ग्रीसइतकाच नेपोलियनच्या काळातला फ्रान्सही आहे.