चंद्रोदयासाठी दिलेली परवानगी

प्रश्न : मी नागपूरला मनीषनगरात राहते. गेल्या तीन महिन्यांत धंतोलीतील एका वंध्यत्व उपचार केंद्रात पाच वेळा गेले. घरी हे फक्त यजमानांना माहीत आहे. पंधरा दिवसांपासून मला आयव्हीएफसाठी कर्ज देणाऱ्यांचे फोन येत आहेत. एकदा फोन सासूबाईंनी उचलला आणि पलीकडच्याने ‘मॅडम, धंतोलीला ट्रीटमेंट चालू आहे ना?’ असे विचारले. चुकीचा नंबर लागला असेल, एवढेच मी त्यांना सांगितले. यजमानांनी माझा मोबाइल पाहिला, तेव्हा पंचांगाच्या अ‍ॅपने रात्री पावणेतीन वाजतासुद्धा लोकेशन घेतल्याचे दिसले. जाहिराती नकोत म्हणून मी त्या अ‍ॅपचे वर्षाचे १९९ रुपये भरले होते आणि मोबाइल क्रमांकावर ओटीपी घेऊन नोंदणी केली होती. गोपनीयता धोरणाला ‘मान्य’ मीच केले होते. मग आता तक्रार करता येईल का? (नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर : ताई, तुमचे शेवटचे वाक्य आधी घेतो, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक पक्षकार तिथेच माघार घेतात. ‘मान्य’ तुम्ही केले हे खरे, पण कशासाठी मान्य केले, हा कायद्याचा प्रश्न आहे. पंचांगाच्या अ‍ॅपला लोकेशन लागते ते सूर्योदय आणि चंद्रोदय सांगण्यासाठी. संकष्टीचा चंद्र नागपूरला मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटे आधी उगवतो, त्यामुळे तुम्ही कोणत्या गावी आहात हे त्या अ‍ॅपने विचारणे रास्तच आहे. परंतु मनीषनगर आणि धंतोली यांच्या चंद्रोदयात मिनिटभराचाही फरक पडत नाही. गावाच्या नावावर भागणाऱ्या कामासाठी तुम्ही कोणत्या इमारतीत आहात हे पाहायचे, तेही मध्यरात्री, याचे कारण पंचांगात सापडणार नाही. तुमच्या तक्रारीचा कणा हाच मुद्दा राहील.

हा व्यवहार कसा चालतो हेही समजून घ्या. पुष्कळ अ‍ॅप बनवणारे दुसऱ्या कंपनीने तयार केलेला कोडचा तुकडा, ज्याला या धंद्यात एसडीके म्हणतात, आपल्या अ‍ॅपमध्ये बसवतात आणि त्याचा मोबदला घेतात. तो तुकडा तुमच्या फोनचा जाहिरात-क्रमांक (जाहिरातदारांना फोन ओळखता यावा म्हणून फोनला दिलेला क्रमांक), अक्षांश-रेखांश आणि वेळ त्या कंपनीला पाठवत राहतो. ही माहिती विकत घेणाऱ्याला तुमचे नाव लागतही नाही. जो फोन रोज रात्री एकाच घरी असतो आणि आठवड्याआड एकाच रुग्णालयात तासभर थांबतो, त्याची कहाणी आपोआप तयार होते. अमेरिकेत २०१३ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने मोबाइलवर टॉर्च लावून देणाऱ्या एका अ‍ॅपवर याच कारणासाठी कारवाई केली होती, आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘एक्स-मोड’ या लोकेशनच्या दलाल कंपनीला दवाखाने, प्रार्थनास्थळे अशा संवेदनशील जागांची माहिती विकण्यास मनाई केली. ते आदेश आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. पण ‘असा धंदा असतोच कुठे?’ असे समोरच्या वकिलाने विचारले, तर उत्तर म्हणून उपयोगी पडतील.

आता कच्चा दुवा. तुमची माहिती त्या अ‍ॅपनेच विकली, हे आज तुमच्याकडे सिद्ध नाही. ती रुग्णालयातून, तपासणी केंद्रातून किंवा औषधाच्या दुकानातूनही गेलेली असू शकते. तुम्ही गूगलवर काय शोधले, त्यावरूनही अंदाज बांधला जाऊ शकतो. तुमच्या बाजूने जाणारी गोष्ट ही की ओटीपीमुळे तुमचा क्रमांक आणि तुमचा ठावठिकाणा दोन्ही एकाच अ‍ॅपच्या हाती होते. हा संशय दाट आहे, पुरावा नव्हे. म्हणून अ‍ॅपचे किंवा रुग्णालयाचे नाव घेऊन फेसबुकवर काही लिहू नका. संशयावर लिहिलेल्या चार ओळींसाठी बदनामीची नोटीस आलेले लोक माझ्या टेबलासमोर बसलेले असतात.

कायद्याची आजची स्थिती जरा अडचणीची आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. त्यानंतर आलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये तुमच्यासाठी जणू मुद्दाम लिहिलेले एक उदाहरण आहे : फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने संपर्कांची यादीही मागितली आणि ग्राहकाने दोन्हींना होकार दिला, तरी ती संमती सल्ल्यासाठी लागणाऱ्या माहितीपुरतीच धरायची. हाच न्याय चंद्रोदयाला लावता येतो. तुमची माहिती कोणाकोणाला दिली हे विचारण्याचा आणि संमतीची सूचना मराठीत मागण्याचा हक्कही त्यात आहे. परंतु या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या मध्यापासून लागू व्हायची आहेत. शिवाय त्याखालचा दंड भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. ज्याची माहिती विकली गेली, त्याला त्यातून एक रुपयाही मिळत नाही. हे मला पटत नाही, पण कायदा तसा आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३-अ कोणीतरी तुम्हाला सुचवेल. त्यावर वेळ घालवू नका. ते ‘संवेदनशील’ माहितीपुरते आहे आणि २०११ च्या नियमांतील त्या यादीत पासवर्ड, बँकेचा तपशील, आरोग्य, बायोमेट्रिक असे प्रकार आहेत, लोकेशन नाही. कलम ७२-अ अधिक जवळचे आहे : करारानुसार सेवा देताना हाती आलेली वैयक्तिक माहिती, गैरलाभ होईल हे ठाऊक असूनही, संमतीशिवाय दुसऱ्याला दिली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्यात माहिती दिल्याचे आणि ती जाणूनबुजून दिल्याचे दोन्ही सिद्ध करावे लागते. म्हणून सायबर पोलीस ठाण्याची पायरी मी आज चढायला सांगणार नाही. हाती एवढाच पुरावा असताना दिलेला अर्ज तसाच पडून राहण्याची शक्यता जास्त.

माझा भर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ वर आहे, आणि त्याचे कारण तुमचे ते १९९ रुपये. मोफत सेवा या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे; अ‍ॅप फुकट वापरत असता तर हे दार बंदच होते. पैसे भरल्यामुळे तुम्ही ‘ग्राहक’ ठरता, आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणे ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. कंपनीचे कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता त्या नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते. इतक्या छोट्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तक्रारीत उपचाराचा प्रकार लिहिण्याची गरज नाही, ‘धंतोलीतील एक रुग्णालय’ एवढे पुरे. कारण आयोगाचे आदेश कोणालाही वाचता येतात.

त्याआधी पुरावा, आणि तो आज रात्रीच. अ‍ॅप काढून टाकू नका. अँड्रॉइडच्या ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’मध्ये कोणत्या अ‍ॅपने किती वाजता लोकेशन घेतले ते दिसते, पण पुष्कळ फोनवर फक्त गेल्या चोवीस तासांचे. तारीख आणि वेळ दिसेल असे त्याचे स्क्रीनशॉट सलग आठवडाभर घ्या. पैसे भरल्याची पावती, ओटीपीचा संदेश आणि आज जसे आहे तसे गोपनीयता धोरण जतन करा, कारण नोटीस गेली की ते बदलले जाते. मग लोकेशनची परवानगी बंद करा आणि सेटिंग्जमधून जाहिरात-क्रमांक काढून टाका. फोन विकू नका, रीसेट करू नका. जालन्याच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की मूळ उपकरण मालकाने स्वतः साक्षीत हजर केले, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतींसोबत लागणाऱ्या प्रमाणपत्रावाचूनही भागते. नुसत्या प्रती द्यायच्या तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागेल.

कर्जवाल्याचा पुढचा फोन आला तर तो कापू नका. संस्थेचे नाव विचारा, क्रमांक कुठून मिळाला ते विचारा आणि संभाषण ध्वनिमुद्रित करा. त्याच दिवशी १९०९ या नकोशा जाहिरातींच्या फोनच्या तक्रार क्रमांकावर त्या फोनची तक्रारही नोंदवा. तो माणूस बहुधा कमिशनवर काम करणारा पोरगाच असेल, पण यादी कोणाकडून आली हे सांगू शकणारा तुमच्या हाताशी असलेला तोच एक साक्षीदार आहे.

हे जमले की अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला नोटीस पाठवा : माझे लोकेशन कोणत्या तारखांना घेतले, कोणाला दिले, कोणत्या मोबदल्यात, हे लेखी कळवावे आणि ते पुसावे. २०११ च्या नियमांनुसार त्याला तक्रारीचे निवारण एका महिन्यात करावे लागते. उत्तर आले नाही किंवा उडवाउडवीचे आले, तर तेच पत्र आयोगापुढे तुमच्या कामी येईल. नोटीस ईमेलने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा, फक्त प्रेषक म्हणून मनीषनगरचा पत्ता घालू नका. यजमानांच्या कार्यालयाचा किंवा तुमच्या वकिलाचा घाला, म्हणजे पोस्टमन पोचपावती घेऊन आला तरी ती सासूबाईंच्या हाती पडणार नाही.