'कुलक' : कूळ नव्हे आणि जमीनदारही नव्हे

प्रश्न असा आहे : "रशियन क्रांतीनंतरच्या शेतीबद्दल मराठीत वाचताना एका लेखात 'कुलक' भेटतो, दुसऱ्यात त्याच जागी 'जमीनदार' आणि तिसऱ्यात 'सावकार'. हा शब्द आपल्या 'कुळा'वरून आलाय का? आणि आपण लिहिताना नेमकं काय लिहावं?"

कुळाशी याचा काडीचाही संबंध नाही. रशियनमध्ये 'कुलाक' म्हणजे मूठ. उच्चारात जोर 'ला'वर येतो. मराठीत मात्र 'कुलक' रूढ झाला आणि आता तोच राहू द्यावा. संस्कृत काव्यशास्त्रातही एक 'कुलक' आहे, पाच किंवा त्याहून जास्त श्लोकांत मिळून एकच वाक्य पुरं होतं तो. त्याचाही इथे संबंध नाही. कुळाची आठवण येणं साहजिक आहे, पण अर्थ बघायला गेलं तर दोघं समोरासमोर उभे राहतील. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा, ज्याच्यासाठी १९४८ चा कूळकायदा झाला तो. कुलक म्हणजे ज्याच्या शेतावर दुसरे मजुरीला येतात, तो.

'सावकार' हा प्रतिशब्द अर्धा बरोबर आहे. क्रांतीपूर्वीच्या रशियन खेड्यात कुलक ही शिवीच होती. अडल्यानडल्याला धान्य नाहीतर पैसे व्याजाने द्यायचे आणि मग त्याच्या घामावर आपलं घर भरायचं, असा माणूस. त्याला आणखी एक नाव होतं, 'मिरोयेद'. 'मीर' म्हणजे गावची जमीन कुटुंबांत वाटून देणारी ग्रामसंस्था. मिरोयेद म्हणजे अख्खा मीर गिळणारा. एकोणिसाव्या शतकातल्या खेड्याबद्दल लिहीत असाल तर 'सावकार' खुशाल वापरा.

'जमीनदार' मात्र कधीही नको. हा शब्द पाहिला की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या एका शब्दापायी बारा वर्षांचा इतिहास पुसला जातो. रशियन जमीनदाराला 'पोमेश्चिक' म्हणत. लेनिनच्या सरकारने सत्ता हाती येताच, नोव्हेंबर १९१७ मध्ये जमिनीविषयीचा हुकूम काढला आणि जमीनदारांची मालकी एक छदामही भरपाई न देता रद्द केली. वाडे, कुरणं, गुरं गावकऱ्यांनी वाटून घेतली. कित्येक ठिकाणी तर हुकमाची वाटही पाहिली नव्हती. त्यामुळे '१९३० साली स्टालिनने जमीनदारांच्या जमिनी काढून घेतल्या' हे वाक्य मुळातच चूक आहे. तोवर जमीनदार उरलेच नव्हते. ज्यांच्याकडून काढून घेतलं ते शेतकरीच होते, आणि त्यातल्या अनेकांना त्या जमिनीचा काही भाग क्रांतीनेच दिला होता.

मधल्या काळात काय झालं हे पाहिल्याशिवाय शब्दाचा अर्थ हाती लागत नाही. क्रांतीनंतर पेटलेल्या यादवी युद्धाच्या वर्षांत सरकार शेतकऱ्याचं धान्य सक्तीने उचलत असे. मार्च १९२१ मध्ये ते थांबलं आणि 'नेप' म्हणजे नवं आर्थिक धोरण आलं : ठरलेला कर धान्यात भरा, उरलेलं बाजारात विका. खेडी पुन्हा उभी राहू लागली. कुणी दुसरा घोडा घेतला, कुणी मळणीयंत्र घेऊन शेजाऱ्यांना भाड्याने दिलं, कुणी हंगामात एखादा गडी ठेवला. १९२५ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचा बडा नेता बुखारिन याने तर शेतकऱ्यांना उघड सांगितलं की श्रीमंत व्हा, साठवा, शेती वाढवा. सरकारी भाषेत खेड्याचे थर पाडलेले होते : 'बात्राक' म्हणजे शेतमजूर, 'बेद्न्याक' गरीब शेतकरी, 'सेरेद्न्याक' मध्यम शेतकरी, आणि वर कुलक.

मग १९२७-२८ च्या हिवाळ्यात सरकारला धान्य मिळेना. सरकारी भाव पडेल आणि दुकानात कापड, खिळे, लोखंडी सामान नाही. शेतकरी धान्य कशाला विकेल? पण पहिली पंचवार्षिक योजना दारात उभी होती. कारखान्यांसाठी परदेशी यंत्रं हवी होती, त्यासाठी धान्य निर्यात करायचं होतं, शहरातल्या वाढत्या कामगारांची पोटंही भरायची होती. दोष 'साठेबाज कुलका'च्या माथी आला.

मे १९२९ मध्ये सरकारने कुलकाची लक्षणंच जाहीर केली. कायम मजूर ठेवणं, इंजिनावर चालणारी गिरणी किंवा तेलघाणा असणं, यंत्रं भाड्याने देणं, खोल्या भाड्याने देणं, व्यापार किंवा व्याजबट्टा करणं. यातलं एक लक्षण जुळलं तरी पुरे. वर स्थानिक परिस्थितीनुसार ती बदलण्याची मुभाही होती. म्हणजे आदल्या वर्षी ज्याला मेहनती म्हणत, तोच माणूस त्याच तेलघाण्यामुळे पुढच्या वर्षी वर्गशत्रू. डिसेंबरात स्टालिनने 'वर्ग म्हणून कुलकांचं उच्चाटन' ही घोषणा केली, आणि ३० जानेवारी १९३० च्या ठरावात प्रदेशवार आकडेच ठरले; युक्रेनमधून लांब हद्दपार करायच्या कुटुंबांसाठी ३० ते ३५ हजार. आकडा आधी, माणसं मागून. १९३० आणि १९३१ या दोन वर्षांत सुमारे १८ लाख माणसं उत्तरेला, उरलला, सैबेरियात नि कझाकस्तानात पाठवली गेली. त्यांची गुरंढोरं, अवजारं, घरं बहुतेक कोलखोजांकडे, म्हणजे नव्या सामूहिक शेतांकडे गेली.

आता 'पोदकुलाच्निक' हा शब्द पाहा. कुलकाचा हस्तक किंवा पाठीराखा, असा त्याचा अर्थ. ज्याच्याकडे एकच गाय आहे, मजूर नाही, गिरणी नाही, पण जो कोलखोजात यायला नकार देतो, त्याला कुलक म्हणता येईना. म्हणून हा शब्द. इथे शब्दाचा मालमत्तेशी असलेला धागा पार तुटला.

म्हणून माझं मत असं. 'कुलक' हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'सधन शेतकरी' असा खुलासा करावा. 'बडा शेतकरी' नको, त्याने शेकडो एकर डोळ्यांसमोर येतात. १९२९ नंतरच्या घटना सांगताना क्रियापद सांभाळावं : 'कुलकांना हद्दपार केलं' यापेक्षा 'कुलक ठरवलेल्यांना हद्दपार केलं' हे जास्त खरं. 'निष्कुलकीकरण' असला जोडशब्द घडवण्याची गरज नाही, 'कुलकांचं उच्चाटन' पुरेसं बोलकं आहे. 'पोदकुलाच्निक'ला 'कुलकांचा हस्तक' चालेल.

आपल्याकडे डाव्या लिखाणात सधन बागायतदारांनाही 'कुलक' म्हटलेलं आढळतं. वर्गविश्लेषण म्हणून त्याला अर्थ आहे, पण मराठीत 'बागायतदार', 'धनिक शेतकरी' असे स्पष्ट शब्द असताना, ज्या शब्दाने एकेकाळी गावंच्या गावं उठवली तो ऊसवाल्या शेजाऱ्याला लावताना मी तरी दहादा विचार करेन.