वाचकांचे प्रश्न : मॅग्नेशियम पेटतं तेव्हा

या वेळच्या टपालात मॅग्नेशियमवरची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. शाळांतून आली, एमआयडीसीतून आली, गड्ड्याचं, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचं, दारूकाम पाहून घरी गेलेल्यांचीही आली. सारखी पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेत गॅसचा बर्नर नाही, स्पिरिटचा दिवा आहे. मॅग्नेशियमची फीत कधी झटकन पेटते, तर कधी नुसती वाकते आणि पेटतच नाही. वर्गात हसू होतं. काय चुकत असेल? – विज्ञान शिक्षिका, बार्शी तालुका

बाई, पहिला संशय फितीवरच्या राखाडी थरावर घ्या. डबा उघडझाप होत राहिला की हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड मिळून धातूवर ऑक्साइड-कार्बोनेटची साय धरते. आतला धातू ६५० अंश सेल्सियसला वितळतो, पण मॅग्नेशियम ऑक्साइड वितळायला २८०० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे आत धातू मऊ पडून फीत वाकते, आणि बाहेरची साय हवेला आत येऊ देत नाही. बारीक पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चांदीसारख्या दिसेपर्यंत घासा. घासताना पडलेला चुरा फितीपेक्षा कितीतरी लवकर पेट घेतो, म्हणून तो कागदावर गोळा करून दिव्यापासून लांब ठेवा.

दुसरी चूक फीत धरण्यात होते. वातीजवळ ज्योत तुलनेने थंड असते आणि तिथे ऑक्सिजनही कमी पडतो. फितीचं फक्त टोक ज्योतीच्या वरच्या भागात, कडेला धरा. चिमट्याचं लोखंड उष्णता ओढून घेतं, म्हणून शेवटचा अर्धा सेंटिमीटरच चिमट्यात असू द्या. पंखा बंद. उन्हाळ्यात मुलं कुरकुर करतील, करू द्या. पंख्याखाली ज्योत आडवी होते आणि राख उडते ती वेगळीच.

लांबी ३ ते ४ सेंटिमीटर पुरे. नेहमीच्या तीनेक मिलिमीटर रुंदीच्या फितीचा एवढा तुकडा ०.०३ ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यातून पाऊण किलोज्यूल उष्णता निघते, म्हणजे दोनेक मिलिलिटर पाण्याला उकळी येईल इतकी. आकडा लहान वाटतो, पण ही सगळी उष्णता काही सेकंदांत आणि तीन हजार अंशांच्या आसपासच्या ज्योतीतून येते. बोटावर पडली तर मोठीच.

फीत पेटली रे पेटली की ती दिव्यापासून बाजूला घ्या. अपघात बहुधा इथेच होतो. जळता तुकडा वातीवर किंवा शेजारच्या स्पिरिटच्या बाटलीवर पडतो. बाटली प्रयोगाआधीच कपाटात गेलेली हवी. फीत तिरकी, टोक जरा खाली, अशी धरा. सरळ उभी लटकवली तर आग भराभर वर चढून चिमट्याशी येते. खाली वॉच ग्लास, म्हणजे काचेची उथळ बशी, ठेवायची पद्धत आहे, पण पातळ काच तडकते. चिनी मातीची बशी बरी. वाळू वापरायची असेल तर तव्यावर भाजून कोरडी केलेली, एक सेंटिमीटर थर. मात्र वाळूवर पडलेली राख आम्लात टाकू नका. तापलेलं मॅग्नेशियम वाळूतल्या सिलिकाचाही ऑक्सिजन काढून घेतं, त्यात मॅग्नेशियम सिलिसाइड तयार होतं, आणि आम्लात पडलं की त्यातून सिलेन वायू निघून हवेत आपोआप फटफट पेटतो. लिटमसच्या चाचणीसाठी बशीतली स्वच्छ राख घ्या, थोड्या पाण्यात ढवळा. लाल लिटमस निळा होईल.

प्रश्न : फितीच्या उजेडाकडे पाहिल्यावर मुलाच्या डोळ्यापुढे काळा ठिपका येत होता. गॉगल घालून पाहिलं तर चालेल का? – एक पालक, जुळे सोलापूर

झगमगत्या वस्तूकडे पाहिल्यावरचा ठिपका काही मिनिटांत जातो. तो तासाभरानंतरही राहिला, किंवा संध्याकाळी-रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचू लागलं, पाणी येऊ लागलं, तर नेत्रतज्ज्ञांकडे जा. वेल्डिंगवाल्यांचे डोळे येतात तसलाच हा प्रकार. कारण या उजेडात अतिनील किरणही असतात. उन्हाचा गॉगल पुरत नाही. वेल्डिंगची काच चालते, पण सगळ्या वर्गाला ती कुठून आणणार? सोपा उपाय असा की मुलं दोन मीटर मागे, आणि नजर फितीवर नाही तर समोरच्या भिंतीवर पडलेल्या उजेडावर. ठिणगी आणि राखेपासून बचावासाठी साधा पारदर्शक चष्मा मात्र शिक्षकांसकट पुढच्या सगळ्यांना हवाच.

प्रश्न : मुशीत (पदार्थ तापवायच्या झाकणाच्या भांड्यात) मॅग्नेशियम जाळून वजनवाढ मोजतो. पुस्तकाप्रमाणे २४ ग्रॅमला ४० ग्रॅम ऑक्साइड यायला हवं. आमचं उत्तर दर वेळी कमीच येतं. काटा तर चांगला आहे. – बारावीचे विद्यार्थी, सोलापूर

काट्याला दोष देऊ नका हे बरोबर, फक्त तो निदान ०.०१ ग्रॅम दाखवणारा असावा. ०.३ ग्रॅम फीत घ्या, म्हणजे अंदाजे ३५–४० सेंटिमीटर. पेन्सिलीभोवती सैल गुंडाळून मुशीत ठेवा. घट्ट वेटोळं केलं तर आतले वेढे जळतच नाहीत. ०.३ ग्रॅमला ऑक्साइड ०.५० ग्रॅमच्या जवळ मिळायला हवं.

कमी येण्याची कारणं तीन. पहिलं, झाकण उचलताना पांढरा धूर निसटतो. तो धूर म्हणजे तुमचं ऑक्साइडच आहे. झाकण दर दोन मिनिटांनी केसभर उचला, लगेच ठेवा. दुसरं, धातू पुरता जळलेला नसतो. स्पिरिटच्या दिव्यावर हा प्रयोग होत नाही, गॅसचाच बर्नर हवा. झाकण उचलल्यावर आत चमक दिसणं थांबलं की झाकण तिरकं ठेवून आणखी पाच मिनिटं जोरात तापवा.

तिसरं कारण बरेच जण विसरतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. झाकणाखाली ऑक्सिजन संपला तरी तापलेलं मॅग्नेशियम थांबत नाही, हवेतल्या नायट्रोजनलाच धरतं. त्याचं मॅग्नेशियम नायट्राइड होतं, हिरवट-पिवळं. ०.३ ग्रॅम धातू सगळा नायट्राइड झाला तर वजन ०.४१ ग्रॅमच्या पुढे फारसं जात नाही. थोडा भाग जरी तसा झाला तरी उत्तर खाली येतं. उपाय असा : मूस पूर्ण थंड होऊ द्या, हाताला गार लागेपर्यंत. मग ऊर्ध्वपातित पाण्याचे पाच-सहा थेंब घाला. अमोनियाचा वास येईल. ओला लाल लिटमस वर धरला तर निळा होईल, म्हणजे नायट्राइड होतं याची खात्री. आता आधी मंद आणि मग जोरात तापवा, मागे राहिलेल्या हायड्रॉक्साइडमधलं पाणी निघून ऑक्साइड उरेल. दोन वजनं सारखी येईपर्यंत तापवा, गार करा, मोजा. गरम मुशीत पाणी घालू नका. मूस तडकेल, आणि आत न जळलेला धातू असेल तर हायड्रोजन सुटेल.

प्रश्न : गड्ड्याच्या दारूकामातला पांढरा लख्ख उजेड मॅग्नेशियमचा असतो का? घरी थोडी फ्लॅश पावडर करायची तर प्रमाण काय? – एक वाचक

मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम किंवा दोघांचा मिश्रधातू मॅग्नेलियम, यांचा असतो. रंगीत दारूतही तो उजेड वाढवायला घालतात. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा. मॅग्नेशियमची भुकटी दमट मिश्रणात आतल्या आत तापते, म्हणून कारखान्यात तिच्या कणांवर जवसाच्या तेलासारखा लेप देतात. प्रमाण सांगणार नाही. १८८७ साली जर्मनीत छायाचित्रणासाठी अशी पावडर निघाली, तेव्हापासून ती कालवताना माणसं होरपळत आली आहेत. नुसत्या घर्षणाने किंवा कपड्यांतल्या स्थिर विजेनेही ती उडते.

प्रश्न : प्रयोगशाळेत भिंतीवर एबीसी पावडरचं आणि कार्बन डायऑक्साइडचं, अशी दोन अग्निशामकं आहेत. मॅग्नेशियमचा अख्खा रोल पेटला तर कोणतं वापरायचं? एका सहकाऱ्यांचं म्हणणं, जाड सोलापुरी चादर टाकली की झालं. – मुख्याध्यापक, मोहोळ

सर, दोन्हीही नाही, आणि चादर तर मुळीच नाही.

कार्बन डायऑक्साइड सोडला तर मॅग्नेशियम त्यातलाही ऑक्सिजन काढून घेतं, कार्बनची काजळी उरते आणि जळणं चालूच राहतं. हे मुलांना दाखवताही येतं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांपासून काचेच्या उंच बरणीत हा वायू भरा, पेटती काडी आत विझते हे दाखवा, मग पेटती फीत चिमट्याने आत धरा. ती तडतडत जळते. बरणीच्या आत पांढऱ्या राखेत काळे ठिपके दिसतील. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की पांढरं विरघळतं, काळं तसंच राहतं.

पाण्याने तर हायड्रोजन तयार होतो आणि भडका उडतो. ११ जून १९५५ ला फ्रान्समध्ये ले मान्सच्या शर्यतीत मॅग्नेशियम मिश्रधातूच्या बॉडीची गाडी पेटली, तिच्यावर पाणी मारल्यावर आग आणखी उफाळली होती. एबीसी पावडर या आगीसाठी बनवलेलीच नाही, शिवाय तिच्या झोताने जळते तुकडे खोलीभर उडतात. सुती चादर म्हणजे सेल्युलोज. वजनाचा जवळपास निम्मा भाग ऑक्सिजनच. ती सरपण होईल. चादरीचा उपयोग एकच आणि तो मोठा आहे : कुणाच्या कपड्यांनी पेट घेतला तर त्या माणसाला गुंडाळायला. त्यासाठी ती प्रयोगशाळेत जरूर ठेवा.

या आगीसाठी डी वर्गाचं, म्हणजे धातूंच्या आगीसाठीचं, अग्निशामक लागतं. त्यात बहुधा मिठाचीच पावडर असते, आणि ती हळुवार पडते. मीठ तापून आगीवर खपली धरतं आणि हवा तोडतं. शाळेला ते परवडलं नाही तर घट्ट झाकणाच्या डब्यात पाच किलो कोरडं बारीक मीठ आणि लांब दांड्याचं फावडं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, डबा मधूनमधून उघडून पाहा; ओलं मीठ किंवा ओली वाळू म्हणजे पुन्हा पाणीच. मीठ फेकू नका, कडेकडेने ओतत आत या.

पण खरा बंदोबस्त आधीच होतो. रोल कपाटात कुलपाखाली, पोटॅशियम परमँगनेट, नायट्रेट, क्लोरेट आणि आम्लं यांच्यापासून वेगळा. वर्गात फक्त कापलेले तुकडे. चार सेंटिमीटरच्या तुकड्याला विझवावंच लागत नाही, बशीत जळून जाऊ द्यायचा.

प्रश्न : मॅग्नेशियम मिश्रधातूचे कास्टिंग टर्निंगला आले आहेत. लेथवर धोका किती? – वर्कशॉपचालक, चिंचोळी एमआयडीसी

ठोकळा सहजासहजी पेटत नाही. मॅग्नेशियम उष्णता भराभर पसरवतं, त्यामुळे एका जागी ज्योत लावली तरी सगळा जॉब वितळायच्या तापमानाकडे जाईपर्यंत वेळ लागतो. धोका चिप्सचा आणि त्याहून जास्त बारीक भुकटीचा.

टूल धारदार हवं. बोथट टूल कापत नाही, घासतं, आणि तिथेच ठिणगी पडते. अगदी बारीक फीड (जॉबच्या एका फेऱ्यात टूल पुढे सरकतं ते अंतर) टाळा. चिपची जाडी मिलिमीटरच्या काही शतांशांवर उतरली की ती ज्वालाग्राही धूळच होते. कट संपल्यावर टूल जॉबवर टेकवून फिरवत ठेवू नका, लगेच मागे घ्या. पाण्यात मिसळायचं कूलंट नको, त्यात हायड्रोजन निघतो. कोरडं कापा किंवा पातळ मिनरल ऑइल वापरा. शेजारी ग्राइंडर चालू असेल तर लोखंडाच्या ठिणग्या इकडे येता कामा नयेत. स्टील आणि मॅग्नेशियमची धूळ एकाच डस्ट कलेक्टरमध्ये तर कधीच नको. गंजाची भुकटी आणि मॅग्नेशियमची भुकटी एकत्र आली की ते थर्माइटच, म्हणजे पेटलं की लोखंड वितळवणारं मिश्रण.

चिप्स ट्रेमध्ये साचू देऊ नका, शिफ्टमध्ये अनेकदा काढा. कोरड्या चिप्स झाकणाच्या स्टीलच्या ड्रममध्ये. चुकून ओल्या झाल्या तर वेगळ्या ड्रममध्ये, हवा जाईल असं झाकण ठेवून, शेडच्या बाहेर. ओल्या चिप्सचा ड्रम गच्च बंद केला तर आत हायड्रोजन दाटतो.

मशीनजवळ डी वर्गाचं अग्निशामक हवंच. त्याच्या जोडीला बिडाच्या कोरड्या चिप्सचं पिंप ठेवण्याची जुनी पद्धतही चांगली आहे, फक्त चिप्स तेलकट आणि गंजलेल्या नकोत. मॅग्नेशियमच्या थोड्या चिप्स पेटल्या तर मशीन बंद करा आणि वरून बिडाच्या चिप्सचा दोन-तीन सेंटिमीटर थर अलगद ओता. मग उकरून पाहू नका. थराखालचा धातू तासन्‌तास गरम राहतो आणि हवा लागली की पुन्हा पेटतो. पेटता ढीग काँक्रीटवर किंवा शहाबादी फरशीवर ओढू नका. काँक्रीटमधला ओलावा वाफ होऊन तुकडे उडतात, आणि शहाबादी म्हणजे चुनखडक, तापला की फुटतोच. आग आवाक्याबाहेर वाटली तर सगळे बाहेर, आणि १०१ ला फोन करताना पहिलंच वाक्य : मॅग्नेशियम धातू जळतोय, पाणी चालणार नाही.

प्रश्न : भंगारात आलेला तुकडा ॲल्युमिनियम की मॅग्नेशियम, कसं ओळखायचं? – भंगार व्यावसायिक, अक्कलकोट रस्ता

कानशीने एक कोपरा घासून रंग आणि साय काढा, त्यावर साध्या व्हिनेगरचा थेंब टाका. मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे येतात, ॲल्युमिनियम गप्प राहतं. वजनावरूनही कळतं : एक लिटर पाणी सारणारा ॲल्युमिनियमचा तुकडा २.७ किलो भरतो, मॅग्नेशियमचा पावणेदोन किलोच्या आसपास. जुन्या गाड्यांची गिअरबॉक्स कव्हरं आणि काही अवजारांच्या बॉड्या एझेड ९१ या मिश्रधातूच्या असतात, ९ टक्के ॲल्युमिनियम आणि एखादा टक्का जस्त; बाकी सगळं मॅग्नेशियम. व्हिनेगर फसफसलं तर त्या तुकड्याला गॅस कटर किंवा ग्राइंडर लावू नका, अख्खा वेगळा ठेवा आणि विकताना काय आहे ते सांगूनच विका.